दाढेआधी चार कॅप्सूल

परभणीत वसमत रोडला दातांचे दवाखाने कमी नाहीत. या दवाखान्यात मी गेलो मेव्हण्याच्या सांगण्यावरून. दाढ अशी ठणकत होती की चहासुद्धा एका बाजूनंच प्यायचो.

खुर्चीत बसून तोंड उघडलं तर बाई आरसा हातात तसाच धरून म्हणाल्या, "काका, ही टिकटिक कशाची?" मनगटावर घड्याळ नव्हतंच. २०१४ ला बसवलेली धातूची झडप आहे छातीत, खोली शांत असली की वाजते. झालं! मला खाली उतरवलं. फाईल मागितली, पेनिसिलीन सोसतं का विचारलं, अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हटल्यावर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा, रिपोर्ट मागितला. तो घरी. मानवतहून एसटीनं आलेला माणूस मी, राग आला. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या खेपेपर्यंत बाईंनी माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला होता. अ‍ॅसिट्रॉम बंद करायची नाही म्हणाल्या. अ‍ॅमॉक्सिसिलीन ५०० च्या चार कॅप्सूल मात्र एकदम, दाढ काढायच्या अर्धा ते एक तास आधी. मी म्हटलं, चार? तर म्हणाल्या, दाढ उपटताना तोंडातले जंतू रक्तात जातात, ते झडपेवर बसले तर जिवावर बेततं. त्या घडीला औषध रक्तात पाहिजे. म्हणून डोस एकच, पण मोठा. नंतरचा कोर्स नाही. मागं दुसऱ्या एका गावी एकानं काही न विचारता दात काढला आणि वर पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. आता आठवलं की काटा येतो.

कॅप्सूल समोर बसवून गिळायला लावल्या, केसपेपरवर १०.४० लिहिलं. बाकड्यावर शेजारी गुडघा बदललेल्या एक मावशी होत्या. "मलाबी द्या की चार." बाई म्हणाल्या, गुडघ्याला सहसा लागत नाहीत, उगं कशाला खाता? मावशी रुसल्या ते रुसल्याच.

दाढ निघाली, रक्त मात्र लवकर थांबेना. गॉज दाबून पाऊण तास बसवून ठेवलं, मगच सोडलं. पैसे वाजवी.

तक्रार एकच, काउंटरवरचं पोरगं. ओळखीच्यांना मधीच आत सोडतंय. त्या दिवशीही सोडत होतं. कॅप्सूल घेऊन बसलोय, वेळ टळंल, असं ओरडलो तेव्हा नंबर लागला. एक स्टार त्याच्या नावानं कापलाय.