वारी, दशावतार आणि चेहरे: फुजीची ५० मिमी एफ/२ काही महिने वापरल्यावर

गेल्या वारीच्या तोंडावर ही लेन्स घेतली, आता शिमगा सरला. मधल्या काळात माझ्या फुजी एक्स-टी३ कॅमेऱ्यावरून ती क्वचितच उतरली. मी नोकरी सांभाळून फोटो काढतो आणि तेही तीनच विषयांचे: माणसांचे चेहरे, गावाकडचा दशावतार (कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य) आणि प्रवास, म्हणजे बहुतेक वेळा वारी. तिन्हींना मिळून एकच लेन्स पुरेल का, हे मला पाहायचं होतं. चेहऱ्यांना ती पुरते, वारीला निम्मी पुरते, आणि दशावतारासाठी मला याहून चांगली लेन्स सुचत नाही.

ही २०१७ साली बाजारात आलेली एक्सएफ ५० मिमी एफ/२ आर डब्ल्यूआर. वजन २०० ग्रॅम, फिल्टर ४६ मिमीचा, आणि फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशेबात ७६ मिमी. पोर्ट्रेट म्हटलं की सगळे ५६ मिमी एफ/१.२ घ्यायला सांगतात. ती जवळपास दीड स्टॉप जास्त उजेड घेते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), हे खरं. पण २०१४ची ती मूळ आवृत्ती ४०५ ग्रॅमची आहे, तिला पावसापासून संरक्षण नाही आणि ७० सेंमीच्या आत ती फोकस करत नाही. ५० मिमी एफ/२ ही ३९ सेंमीपर्यंत जाते. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, रंगपटात, म्हणजे नट रंगतात त्या जागेत, तो सगळ्यात मोठा ठरतो.

सिंधुदुर्गातल्या जत्रांत दशावताराचा रंगपट म्हणजे देवळाची एखादी पडवी, नाहीतर मागे ताडपत्री लावून केलेला आडोसा. नट आपापल्या ट्रंकेपुढे बसतो, हातातल्या आरशात बघत स्वतःच रंग लावतो. मेकअपमन नसतो. मागे सरकायला जागा नाही, पुढे वाकलं की नटाचा उजेड अडतो. अशा ठिकाणी ३९ सेंमीवरून साधारण १५ सेंमी रुंदीचा भाग चौकटीत येतो: दोन डोळे, भुवई आणि भुवईवरून फिरणारी काडी. कॅमेरा आणि लेन्स मिळून वजन ७४० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे एका हाताने धरून दुसऱ्या हाताने खांबाचा आधार घेता येतो. हा आधार लागतोच, कारण हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन लेन्समध्येही नाही आणि एक्स-टी३ मध्येही नाही.

याच जागेत माझी चेहऱ्यांची मालिका सुरू झाली. एकाच नटाचे दोन फोटो: रंग लावण्याआधीचा आणि मुकुट चढल्यानंतरचा. दोन मीटरवर उभं राहून कॅमेरा उभा धरला की सुमारे ९४ सेंमी उंचीची चौकट मिळते, म्हणजे मुकुटासकट कमरेपर्यंतचा माणूस. दोन मीटर हे बोलण्याचंही अंतर आहे. लांब झूम लावली असती तर कुणाशी न बोलता फोटो मिळाले असते आणि ते मला नको होते. स्त्रीपार्ट करणाऱ्या एका ज्येष्ठ नटाने आधी फक्त ‘खंयसून इलात?’ (कुठून आलात?) एवढंच विचारलं. गावाचं नाव सांगितल्यावर ट्रंक सरकवून मला बसायला जागा दिली. त्या रात्रीचा त्यांचा साधा चेहरा हा माझ्याकडचा सगळ्यात आवडता फोटो आहे, नऊवारीतल्यापेक्षाही. एफ/२ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, या अंतरावर साधारण १२-१३ सेंमी खोली धारदार येते. नाकापासून कानापर्यंत सगळं नीट आणि मागची दोरीवरची वस्त्रं विरघळलेली. चेहऱ्याला याहून उथळ फोकस कशाला हवा, हे मला अजून पटलेलं नाही.

रंगमंचावर मात्र सगळं लेन्सवर सोडून चालत नाही. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर हा आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, होतो, मग आख्यान म्हणजे मुख्य कथा लागते आणि पहाटे दहीकाला होतो. उजेड रात्रभर एकसारखा नसतो. मंचावर सामान म्हणजे एक बाकडं, मागे काळोख, पुढे पांढरा लेप लावलेला चेहरा. कॅमेरा काळोख बघून फोटो उजळ करायला जातो आणि लेपावरचे सगळे बारकावे पुसले जातात. मी स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणं) चेहऱ्यावर ठेवतो, नाहीतर एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणतो, आणि रॉमध्येच, म्हणजे नंतर सुधारता येईल अशा कच्च्या फाइलमध्ये, काढतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० आणि शटर १/१२५ च्या आसपास, हे माझं नेहमीचं.

खरी अडचण एलईडी दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की फोटोत आडवे पट्टे उमटतात. तिथे मेकॅनिकल शटर आणि १/१०० ची गती हाच माझा उपाय. पखवाजवाल्याचे हात त्यात हलतात, आणि हलावेतच. लाल दिवा सोडला तर मात्र चेहऱ्याचा लाल चॅनल भरून जातो, गालाचा उठाव राहत नाही. असे फोटो मी एक्स्पोजर आणखी खाली ठेवून काढतो आणि कृष्णधवल करतो. ॲक्रॉस या फुजीच्या कृष्णधवल छटेत ते चांगले दिसतात.

वादकांच्या बाजूला, प्रेक्षकांना आड न येता, सहा मीटरवर बसलं की आडव्या चौकटीत पावणेतीन मीटर रुंदी मावते. दोन पात्रं, बाकडं आणि मधली तलवार. देवळापुढच्या मंचाला एवढं पुरतं. पुण्यामुंबईच्या मोठ्या नाट्यगृहात मधल्या रांगेत बसून ही लेन्स काढूच नका. तिथे ५०-१४० मिमीसारखी झूम लागते आणि ती जवळपास एक किलोची आहे.

वारीत पाऊस ठरलेला. एक्स-टी३ आणि ही लेन्स दोन्ही पाऊस सोसणाऱ्या आहेत. दिवेघाटात सर येत-जात होती, उपरण्याने पुसत मी काम चालू ठेवलं. काचेवर थेंब नको म्हणून हूड आणि फिल्टर दोन्ही लावून ठेवा. दिंडीबरोबर चालताना शेजारच्या माऊलीचा चेहरा, टाळ धरलेली बोटं, डोक्यावरची तुळस, हे सगळं ५० वर फार सुंदर येतं. घाटाचं ते भरलेलं वळण मात्र येत नाही. रिंगणात वर्तुळाचा एक तुकडाच हाती लागतो. अश्व धावत येतो तेव्हा सलग फोकस आणि १/१००० ठेवलं तर त्याचा फोटो मिळतो, पण भोवतीचा समाज बाहेर राहतो. वारीचा फोटो बघणाऱ्याला तो समाज दिसला पाहिजे, म्हणून इथे मी निम्मे गुण देतो. बॅटरीचंही सांगतो: कंपनीच्या आकड्यानुसार एकीवर ३९० फोटो, तेव्हा मुक्कामी चार्जिंगची खात्री नसेल तर जादा बॅटऱ्या जवळ असू द्या.

छपाईला २६ मेगापिक्सेल भरपूर होतात. नटांना मी बारा बाय अठरा इंचांच्या प्रती करून दिल्या, आयएसओ ६४०० चेही फोटो त्यात होते. कागदावर दाणे दिसतात, खुपत नाहीत. रंगाआधीचा फोटो कुठे टाकण्यापूर्वी त्या नटाला विचारतो. एकाने नको म्हटलं, तो टाकला नाही.

येत्या आषाढासाठी २३ मिमी एफ/२ बघतो आहे. १८० ग्रॅमची, तीही पावसाला चालणारी. तिचा फिल्टर ४३ मिमीचा आहे, तेव्हा ४३-४६ची स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी) घेतली की आताचे फिल्टर दोन्हींना लागतील.