नीटचं मटेरियल: फिजिक्स ठीक, बाकी रद्दी

बहिणीच्या नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, एका क्लासचं पोस्टल मटेरियल मागवलं, नाव घेत नाही. बायोचेच सहा मॉड्यूल, गठ्ठा बघून आई म्हणाली रद्दीवाल्याची सोय केलीस होय! आणि खरंच, आत एनसीईआरटीच्या (केंद्राच्या) पाठ्यपुस्तकांचीच वाक्यं इकडची तिकडे केलेली, वर २०२४ ला सिलॅबसमधून काढलेले टॉपिकही तसेच ठेवलेत. अहो बायोला ७२० पैकी ३६० मार्क, प्रश्न बरेचसे एनसीईआरटीच्या ओळींवरच, कधी आकृतीखालच्या मजकुरावर पण, त्यामुळे ११वी-१२वीची ती पुस्तकंच चार-पाच वेळा वाचा, नुसतं स्टेट बोर्डच्या भरवशावर राहू नका. फिजिक्सला मात्र नावं ठेवणार नाही, गणितं सोप्यापासून चढत जातात आणि स्टेप्स एकही गाळलेली नाही, बहीण त्यालाच चिकटून बसलीये. टेस्ट सिरीजचा तर वेगळाच घोळ, अजून जुन्या पॅटर्नचे २०० प्रश्न, २०२५ पासून १८० प्रश्न १८० मिनिटांत झालेत हे यांच्या गावीच नाही. फोन केला तर म्हणे "जास्त प्रॅक्टिस होते ना मॅडम". आता ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साईटवरचे जुने पेपर फुकटात काढून, घड्याळ लावून सोडवतोय.