काही महिन्यांनंतरही सोबत राहिलेल्या कादंबऱ्या

कादंबरी संपल्या संपल्या मत देण्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. शेवटचं पान वाचून पुस्तक मिटलं की डोक्यात फक्त शेवट घोळत असतो. तो चटका लावणारा असेल तर सगळी कादंबरी थोर वाटते, फसला असेल तर आधीची चांगली दोनशे पानंही आपण विसरून जातो. म्हणून या वेळी वाचून झालेली पुस्तकं काही महिने बाजूला ठेवली आणि आता लिहितोय. कथानकाचे तपशील पुसट झालेत. काही कादंबऱ्यांमधला सांगणारा माणूस मात्र अजून कानाशी बोलतोय. कादंबरी टिकते की नाही हे मुख्यतः ती कोण सांगतंय यावर ठरतं, असं मला या वाचनानंतर ठामपणे वाटतं.

सुरुवात रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'पासून करतो, कारण सगळ्यात जास्त तीच माझ्यात उरली आहे. १९७१ची ही कादंबरी. गंगाराम शिंपी, त्याची बायको पारबती, मुलगा भाना असं एक साधं घर. गंगाराम स्वाभिमानी आहे, तितकाच हेकट. गावातल्या वजनदार माणसाशी त्याचं बिनसतं, बाप-लेकाचंही धड जमत नाही आणि घर हळूहळू विस्कटत जातं. घटना एवढ्याच. पण हे सगळं पारबती सांगते, आपल्या मराठवाडी बोलीत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मध्ये कुठेही लेखक पुढे येऊन 'बघा, ही बाई किती सोसते आहे' असं म्हणत नाही. तिला नवऱ्याचा हट्ट कळतो, त्यामागचा मानही कळतो आणि त्याची किंमत कोण मोजणार हेही कळतं. तरी ती त्याच्यावर निकाल देत नाही. रागावते, समजावते, गप्प बसते आणि पुन्हा कामाला लागते. तिच्या जागी एखादा शहाणा निवेदक असता तर गंगाराम आपल्याला एक तर हुतात्मा वाटला असता, नाहीतर मूर्ख. पारबतीमुळे तो नवरा वाटतो, जिवंत माणूस वाटतो.

बोलीची सवय नसेल तर सुरुवातीची पानं अडखळत जातात, हे खरं. माझा उपाय सांगतो: ती पानं चक्क मोठ्याने वाचा. डोळ्यांना अनोळखी वाटणारा शब्द कानाला लगेच कळतो, आणि पारबतीची लय एकदा सापडली की मग पुस्तक थांबवत नाही. शब्दार्थ शोधत बसलात तर मात्र रस जाईल.

'पाचोळा'च्या जोडीने उद्धव शेळके यांची 'धग' वाचावी, असं मी आग्रहाने सांगेन. ती १९६०ची, म्हणजे आधीची. योगायोग असा की इथेही शिंप्याचंच घर आहे, फक्त विदर्भातलं. कौतिक ही बाई, महादेव तिचा नवरा. तो संसाराचं ओझं उचलणाऱ्यांतला नाही, पुढे त्याला महारोग जडतो, आणि घर ओढायचं काम एकट्या कौतिकवर पडतं. 'धग'मध्ये निवेदन लेखकाचं आणि प्रमाण मराठीतलं आहे, संवाद मात्र अस्सल वऱ्हाडी. हा सांधा मला फार महत्त्वाचा वाटतो. शेळके कौतिकपासून दोन पावलं दूर उभे राहतात. ते तिची कणव करत नाहीत, तिला देवीही करत नाहीत. ती मजुरीला जाते, भांडते, पै-पैचा हिशोब करते, पोराच्या शिक्षणाची आस धरते, हे एकामागोमाग एक येत राहतं. वाचताना कधी कधी असह्य होतं. एका दमात वाचू नका. माझी तक्रार असेल तर एवढीच, की संकटांच्या रांगेत श्वास घ्यायला जागा फार कमी मिळते. पण लेखकाने ती जागा मुद्दाम दिली असती तर ते खोटं ठरलं असतं, असंही मला वाटतं. हा पेच माझ्यापुरता अजून सुटलेला नाही.

दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली की एक गोष्ट लख्ख दिसते. पारबती स्वतः बोलते, त्यामुळे तिचं दुःख आपण ऐकतो. कौतिक स्वतःची कथा सांगत नाही, त्यामुळे तिचं दुःख आपण पाहतो. काही महिन्यांनी माझ्याकडे पारबतीचा आवाज उरला आहे आणि कौतिकचे कष्ट. यातलं थोर कोणतं, असा प्रश्नच मला पडत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' बहुतेकांनी शाळकरी वयात कुठेतरी तुकड्यांत वाचलेली असते. ती मोठेपणी सलग वाचावी. १९५५मध्ये पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर शिक्षक म्हणून आलेला तरुण मास्तर सांगतो. तो बाहेरचा आहे, वयाने लहान आहे, आणि आपल्याला वाडीतलं सगळं कळतं असा त्याचा दावा नाही. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसं त्याला हळूहळू उमगतात, तशीच आपल्यालाही. शेकूची बायको बैलाच्या जागी औताला जुंपून घेते, तो प्रसंग आठवा. दुसऱ्या एखाद्या लेखकाने त्यावर अश्रूंची चार पानं खर्ची घातली असती. माडगूळकरांचा मास्तर ते बघतो, सांगतो आणि पुढे जातो. त्या न थांबण्यामुळेच ते मनात रुतून बसतं. तालीम बांधायला वाडी एकत्र येते तो भाग मला पुन्हा वाचताना अधिक भावला, कारण पुढे दुष्काळ येणार आणि वाडी ओस पडणार, हे आता ठाऊक होतं.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'विषयी इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात सांगतो. पुस्तक १९३९चं, महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षाचं. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, प्रेमात पोळलेला चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. बोटीवर कुणालाच काही काम नाही, जमीन दिसेपर्यंत काही ठरवताही येत नाही, त्यामुळे माणसं एकमेकांना फार लवकर जवळ करतात. ही घुसमट बेडेकरांनी विलक्षण पकडली आहे. मात्र सांगणारा चक्रधर आहे आणि तो भित्रा आहे, हे विसरून वाचू नका. त्याच्या गोड शब्दांवर जरा संशय ठेवलात की हॅर्टा किती एकटी आहे ते कळतं. तिची पत्रं येतात तेव्हा कादंबरी चक्रधरच्या हातातून निसटून तिची होते. ही कादंबरी लहान आहे, पण घाईत वाचू नये.

अलीकडच्या काळातली 'ब्र', कविता महाजनांची, २००५ची. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, त्यानंतर त्या खुर्चीवर बसलेल्या बायकांचं प्रत्यक्षात काय झालं, हे शोधत प्रफुल्ला गावोगाव हिंडते. स्वतःचा संसार मोडलेली ही बाई दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकता ऐकता उभी राहते. पुस्तक माहितीने खच्चून भरलेलं आहे, आणि काही ठिकाणी ती माहिती कादंबरीवर स्वार होते. मधल्या भागात मला तसं जाणवलं. तरी आदिवासी स्त्रिया स्वतः तोंड उघडतात तेव्हा ती तक्रार गळून पडते. सामाजिक संस्थांच्या आतला कारभार इतक्या धीटपणे मराठी कादंबरीत क्वचितच आला असेल. कामाच्या निमित्ताने ग्रामीण भागात जाणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावं असं मला मनापासून वाटतं.

नंदा खरे यांच्या 'उद्या'ने मला सगळ्यात जास्त दमवलं. २०१४ची ही कादंबरी नजीकच्या भविष्यात घडते: माणसांवर सतत पाळत, कंपन्यांच्या हातात एकवटलेली सत्ता, मुलींची घटलेली संख्या. या कादंबरीला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नम्रपणे नाकारला. पात्रं भरपूर, धागे भरपूर, आणि धरून बसावा असा एकच आवाज नाही. सुरुवातीला मी प्रत्येक पात्राचं नाव कागदावर लिहीत गेलो, त्याचा उपयोग झाला. भावनेने ओढून नेणारी कादंबरी हवी असेल तर ही तुमच्यासाठी नाही. पण तिच्यातली भीती उशिरा पोचते. वाचून झाल्यावर कित्येक आठवड्यांनी, मोबाइलवर कसली तरी परवानगी देताना माझं बोट थांबलं, तेव्हा मला हे पुस्तक आठवलं. एकच सांगणारा नसतानाही ते माझ्याकडे टिकलं आहे, म्हणजे माझ्या मताला हा एक सणसणीत अपवाद आहे, आणि त्याबद्दल मला आनंदच आहे.

एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी मात्र अर्ध्यावर सोडून दिली. प्रत्येक पात्र पल्लेदार भाषण देत होतं आणि भाषण संपलं की लेखक तेच पुन्हा समजावून सांगत होता. आता खरे यांचीच 'अंताजीची बखर' वाचायला घेतोय. तिच्यात अठराव्या शतकातला अंताजी स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगतो. इतिहास एखाद्या साध्या माणसाने सांगितला तर माझ्या कानाला तो कसा लागतो, हे मला बघायचं आहे.