स्टोव्ह निवडायला दोन महिने, सरपण घ्यायला दहा मिनिटं

८५० युरो ६९ सेंट. आकडा तोंडपाठ आहे, कारण तो आधी बँकेला सांगावा लागला, मग पोलिसांना आणि सगळ्यात शेवटी बायकोला. जर्मनीत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींच्या घरी सध्या घर गरम ठेवायला ‘पेलेटचा (म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्यांचा) स्टोव्ह घ्यावा की लाकडाचा’ हा वाद रंगलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तो वाद खुशाल घाला, आम्हीही घातला. पण घोडं पेंड खातं ते भलत्याच ठिकाणी.

गोष्ट २०२२ ची. आम्ही दक्षिण जर्मनीतल्या श्वेबिश आल्ब या डोंगररांगेच्या पायथ्याशी एका छोट्या गावात राहतो. घर सत्तरच्या दशकातलं, हीटिंग गॅसवर. त्या वर्षी फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि ऑगस्टअखेर रशियाकडून येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनमधला गॅस बंद झाला, तो पुन्हा सुरू झालाच नाही. गॅसच्या मासिक हप्त्याचं नवं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, आकडा छापताना चुकलाय. दुकानांतून विजेचे छोटे हीटर गायब झाले होते. ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर एरवी फुटबॉल चालतो, तिथे लोक लाकडाच्या भावावर बोलायला लागले.

आमच्या घरात दोन तट पडले. बायको लाकडाच्या बाजूने. तिचं म्हणणं सरळ होतं: वीज गेली तर पेलेटचा स्टोव्ह म्हणजे शोभेची वस्तू. ते खरंच आहे. पेलेट आत ढकलणारा स्क्रू, हवा देणारा पंखा, पेटवणारी कांडी, सगळं विजेवर चालतं. लाकडाच्या स्टोव्हला एक काडेपेटी पुरते. मी पेलेटवाला. एकदा टाकी भरली की दिवसभर बघायला नको, हवं ते तापमान लावा आणि कामाला लागा. राख मूठभर. लाकूड म्हटलं की ते रचा, झाका, दोन उन्हाळे वाळवा, रात्री उठून ओंडका घाला. लहानपणी सांगलीला आमच्याकडे आंघोळीच्या पाण्याचा बंब होता आणि ढलप्या घालायचं काम माझ्याकडे. धुराने डोळे चोळत शाळेत गेलोय. ती हौस एकदा फिटली होती.

गावाच्या हद्दीचा शोर्नश्टाइनफेगर, म्हणजे धुराडी तपासणारा सरकारमान्य कारागीर, घर बघून गेला. त्याची सही झाल्याशिवाय नवा स्टोव्ह पेटवता येत नाही, त्यामुळे काही विकत घ्यायच्या आधीच त्याला बोलवा. (इथे त्याला हात लावला की नशीब उघडतं म्हणतात. मी हस्तांदोलन केलं होतं. पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.) त्याने धुराडं चांगलं असल्याचं सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असताना स्टोव्हचा धूर उलटा खोलीत ओढला जाऊ शकतो म्हणून खिडकी उघडी असेल तरच एक्झॉस्ट चालेल असा एक स्विच खिडकीला लावायला सांगितला आणि निघताना म्हणाला, ‘स्टोव्ह कुठलाही चांगलाच असतो. त्याच्यात काय घालता ते महत्त्वाचं.’ मला वाटलं, हवापाण्याच्या गप्पा.

शेवटी माझं चाललं. नव्या स्टोव्हला जानेवारीपर्यंत नंबर नव्हता, पण एका दुकानात शोरूममध्ये मांडलेला पेलेट स्टोव्ह लगेच मिळत होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो बसला, सही झाली. आणि मग मी पेलेट शोधायला बसलो.

पेलेट म्हणजे करवतीचा भुसा दाबून केलेल्या सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या. पंधरा किलोच्या पिशव्यांत येतात, साधारण ६५-६६ पिशव्यांचं एक पॅलेट (लाकडी फळीवर रचलेला गठ्ठा) होतं, म्हणजे जवळपास टन. वर्षभरापूर्वी टनाला अडीचशे युरोच्या आत मिळणारा हा माल त्या सप्टेंबरमध्ये सातशेच्या वर गेला होता. रशिया-बेलारूसच्या लाकडावर बंदी आली होती, बांधकामं मंदावल्याने लाकूडकापणीच्या गिरण्यांकडे भुसा कमी होता आणि त्यावर माझ्यासारखे घाबरलेले नवे गिऱ्हाईक. जवळच्या डीलरने सांगितलं, ‘जुन्या गिऱ्हाइकांचंच पुरवतोय, तुम्ही नोव्हेंबरात विचारा.’ बाउमार्क्टमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात, माणशी पाच पिशव्या. पाच पिशव्या थंडीत आठवडाभरही पुरत नाहीत.

अशा मनःस्थितीत रात्री अकरा वाजता ती वेबसाइट सापडली. पॅलेटला ४१९ युरो. फार स्वस्त नाही, हे लक्षात घ्या. दीडशे म्हटलं असतं तर मीही हसलो असतो. ‘जुन्या भावातला साठा, शेवटची सात पॅलेटं’ असं लिहिलेलं. जर्मन भाषा माझ्यापेक्षा चांगली. खाली इम्प्रेसुम, म्हणजे मालकाची कायदेशीर माहिती देणारं पान: कंपनीचं नाव, पत्ता, व्यापारी नोंदणी क्रमांक. मी शहाणपणाने तो क्रमांक तपासलासुद्धा. खरा निघाला. तिथे मी खूश झालो आणि तपास थांबवला.

दोन पॅलेट, डिलिव्हरीचे ३९, आणि लगेच पैसे भरले तर तीन टक्के सूट. पैसे भरायचा मार्ग एकच, फोरकासे, म्हणजे आगाऊ बँक ट्रान्सफर. कार्डचं चिन्ह पानावर होतं, पण शेवटच्या पायरीला ‘तांत्रिक कारणाने बंद’. सूट मिळावी म्हणून मी साधं ट्रान्सफर न करता तत्काळ जाणारं केलं. ते दहा सेकंदांत समोरच्या खात्यात पोचतं आणि परत बोलावता येत नाही. खातं स्पॅनिश होतं, आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं ईएस. जर्मन कंपनीचं खातं स्पेनमध्ये का, असा प्रश्न मला पडला नाही. म्हणजे पडला, पण युरोप एकच आहे असं मीच मला उत्तर दिलं. खातेदार म्हणून मी कंपनीचं नाव टाकलं, पण तेव्हा बँका नाव आणि आयबॅन जुळतात का ते बघतच नव्हत्या. तिथे ‘गणपती बाप्पा’ टाकलं असतं तरी पैसे गेले असते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोच्या देशांत बँकेला नाव पडताळावं लागतं. ‘नाव जुळत नाही’ असा इशारा आला तर तो झटकून पुढे जाऊ नका. पुढे गेलात तर नंतर बँक हात वर करेल.

कन्फर्मेशन आलं: डिलिव्हरी सोमवार ३ ऑक्टोबर, सकाळी आठ ते बारा.

बायकोने मेल वाचून विचारलं, ‘अरे, ३ ऑक्टोबरला सुट्टी नाही का?’ जर्मन एकीकरणाचा दिवस. देशभर सुट्टी, मोठे ट्रक रस्त्यावर आणायला बंदी. इथल्या कुठल्याही वाहतूक कंपनीने ती तारीख दिली नसती. मी म्हणालो, ‘कॉम्प्युटरने टाकली असेल.’ पैसे जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते, त्यामुळे ती तिथेच हसली असती तरी उपयोग नव्हता. पण मी तिच्याशी ज्या सुरात बोललो, त्याची मला अजून लाज वाटते.

तीन तारखेला मी गॅरेज रिकामं करून बसलो. चार तारखेला फोन लावला, व्हॉइसमेल. पाच तारखेला वेबसाइटच गेली. मग मी ते करायला बसलो जे आधी करायला हवं होतं: त्या कंपनीचा नंबर वेबसाइटवरून न घेता वेगळा शोधला. कंपनी खरी होती, उत्तरेकडची लाकूडकापणीची छोटी गिरणी. फोन उचलणाऱ्या बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, ‘आम्ही ऑनलाइन काहीच विकत नाही. आज तुम्ही चौथे.’ कुणीतरी त्यांचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक जसाच्या तसा उचलला होता. नोंदणी क्रमांक खरा असणं याचा अर्थ ती कंपनी आहे एवढाच. समोरचं दुकान तिचं आहे असा नाही. आणि पेलेटच्या पिशवीवर एनप्लस या गुणवत्ता प्रमाणपत्राच्या शिक्क्यासोबत उत्पादकाचा क्रमांक छापलेला असतो. त्या वेबसाइटवरच्या पिशवीच्या फोटोत नेमका तोच भाग धूसर होता. शिक्के, पाच तारे, सगळी नुसती चित्रं. क्लिक केलं तर कुठेच जात नव्हती.

पोलिसांत ऑनलाइन तक्रार झाली. बँकेने स्पेनच्या बँकेला विनंती पाठवली. खात्यात शिल्लक नव्हती. त्या शरद ऋतूत सरपणाच्या खोट्या दुकानांचा सुळसुळाट झाला होता, ग्राहकांना सल्ला देणारी केंद्रं त्याबद्दल ओरडून सांगत होती. त्यांच्या संकेतस्थळावर दुकानाचा पत्ता टाकून तपासायची सोयही आहे. मी ती तक्रार केल्यावर वापरली.

‘लाकूड घेतलं असतं तर बरं’ असं बायको म्हणाली नाही. ते आमच्या उल्मच्या मित्राने म्हणायच्या आधीच त्याची गोष्ट घडली. त्याने लाकडाचा स्टोव्ह घेतला आणि आगाऊ पैसे न देता, दारात ट्रक आल्यावर रोख देऊन बीच नावाच्या झाडाची ‘दहा मीटर’ लाकडं घेतली. इथे अर्थातच मापात पाप. राउममीटर म्हणजे नीट रचलेलं एक घनमीटर. श्युटराउममीटर म्हणजे तेवढ्याच जागेत नुसतं ओतलेलं, मधे हवाच हवा. दहा ओतलेले मीटर रचले की साधारण सहा-सात भरतात. विकणारा तोंडी फक्त ‘मीटर’ म्हणाला होता. शेजारच्या आजोबांनी रचलेला ढीग टेपने मोजून दाखवला तेव्हा मित्राला कळलं. वर ते लाकूड ‘चुलीला तयार’ म्हणून विकलेलं. आजोबांनी एक ओंडका नव्याने फोडला आणि फोडलेल्या आतल्या बाजूला ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया टोचल्या: ३४ टक्के. बाहेरून टोकाला तोच आकडा १६ होता, कारण टोकं आधी सुकतात. पंचवीसच्या वरचं लाकूड जाळायला कायद्यानेच मनाई आहे. असं लाकूड जळत नाही, उकडतं. काच काळी होते, धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते आणि एखाद्या रात्री तीच पेट घेते. यंत्र वीस-तीस युरोंना मिळतं. ट्रक रिकामा व्हायच्या आधी, विकणाऱ्याच्या समोर वापरायचं असतं.

वडिलांना फोनवर हे दोन्ही किस्से सांगितले. ते म्हणाले, ‘वखारीत आपण काटा बघितल्याशिवाय पैसे देत होतो का? आणि लाकडावर पाणी मारलंय का ते हात लावून बघायचो. तू तर लाकूडच बघितलं नाहीस.’

तो हिवाळा बाउमार्क्टच्या पाच-पाच पिशव्यांवर आणि गॅस कमी करून काढला. घरात स्वेटर घालून फिरलो. २०२३ च्या उन्हाळ्यात भाव निम्म्याच्या आसपास आला तेव्हा वीस किलोमीटरवरच्या डीलरकडे स्वतः गेलो, एक पिशवी फोडून मूठभर पेलेट हातात घेतल्या, तळाशी भुसा किती साचलाय बघितलं आणि पैसे गाडी भरल्यावर दिले. तेव्हापासून सरपण मे-जूनमध्येच घेतो. ऑक्टोबरात भाव विचारणारा माणूस आधीच घाबरलेला असतो आणि ते विकणाऱ्याला ऐकू येतं.

त्या उन्हाळ्याआधी, वसंतात, सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं: आरोपीचा शोध लागला नाही, प्रकरण बंद. त्यानंतर दोनच आठवड्यांनी एका ‘वसुली कार्यालया’चा मेल आला. सुंदर जर्मन, वकिली लेटरहेड. तुमचे पैसे गोठवलेल्या खात्यात सापडले आहेत, १२० युरो प्रक्रिया शुल्क भरा, दहा दिवसांत परत मिळतील. मी बायकोला स्क्रीन दाखवला. तिने रकमेवर बोट ठेवलं. ८५०,६९. ऑर्डर क्रमांकही बरोबर होता. पोलिसांच्या तक्रारीत तो क्रमांक लिहायला मी विसरलो होतो.