जुनी बास गिटार दुरुस्तीला दिली आणि तिचे मूळ भाग गेले

बास गिटार दुरुस्तीच्या दुकानातून घरी आली तेव्हा मी आधी मागच्या नेक प्लेटवरचा, म्हणजे दांडा धडाला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवरचा, नंबर पाहिला. सहाही आकडे तेच होते. मी निर्धास्त झालो, आणि फसलो तो तिथेच.

फेंडर या अमेरिकन कंपनीची ही प्रिसिजन बास बाबांनी 1981 साली शेजारच्या एका तारवटीकडून, म्हणजे जहाजावरच्या खलाशाकडून, घेतली. जत्रेतल्या नाटकांना, चवथीच्या कार्यक्रमांना ते ती वाजवायचे. पूर्वी एकदा पिकगार्ड (पुढचं पातळ झाकण) उघडलं तेव्हा पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या फिरत्या भागाच्या, पाठीवरचा कोड मी वहीत लिहून ठेवला होता: 1377318. पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्या सीटीएस कंपनीचे, 73 म्हणजे 1973 साल, 18 हा त्या वर्षातला आठवडा. म्हणजे पॉट बदललेला नसेल तर बास त्याआधीची असू शकत नाही. फेंडरचा नंबर 1976 पर्यंत नेक प्लेटवरच असे, पण ती प्लेट चार स्क्रूंवर बसते. काढून दुसऱ्या गिटारला लावली तर नंबरही तिच्याबरोबर जातो.

यंदा पावसाळ्यात जाड तारेची खुंटी जड फिरू लागली आणि व्हॉल्यूम खरखरू लागला. गोव्यात बार्देशातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्याने "फक्त साफसफाई" असं सांगून साडेसहा हजार घेतले.

महिन्याभरात ब्रिजवरच्या (धडावर तारा जिथे बसतात तो धातूचा भाग) एका सॅडलचा, म्हणजे तार टेकते त्या तुकड्याचा, उंचीचा स्क्रू हरवला. बाबांनी केसच्या कप्प्यात कागदाच्या पुडीत एक जुना स्क्रू जपून ठेवलेला. तो लावायला गेलो तर तोंडालाच अडला. अमेरिकन फेंडरचे आटे इंचाच्या मापाचे असतात, आशियात बनणाऱ्या बहुतेक नकला मिलिमीटरच्या. म्हणजे हा ब्रिज बाबांचा नव्हताच. गंज चढवून जुना दिसेल असा केलेला होता.

त्या रात्री सगळं उघडलं. पॉट लहान, पाठ कोरी, सोल्डर चकाकणारं. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या वरच्या टोकाच्या, मागे नव्या खुंट्यांच्या प्लेटांबाहेर जुन्या प्लेटांखाली झाकलेल्या लॅकरची फिकट किनार दिसत होती. खुंट्यांचे नवे बुश (भोकात बसणाऱ्या धातूच्या कड्या) भोकांत सैल बसत होते, म्हणून त्यांच्याभोवती कागद गुंडाळला होता. नेक प्लेट मात्र हातही न लावता सोडलेली. मालक काय पाहतो हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

जाब विचारला तर म्हणाला, "बाब, खाऱ्या वाऱ्यानं सगळं खाल्लेलं, टाकून दिलं." हे ऐकून गप्प बसू नका. आपल्या हवेत गंज चढतोच, पण गंजला म्हणजे भाग मेला असं नाही. अडकलेल्या स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा, बहुतेक वेळा सुटतो. जड खुंटीचे दात ब्रशने साफ करून हलकं तेल दिलं की ती बरीच मोकळी होते. खरखरत्या पॉटला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो वीस-तीस वेळा फिरवून बघा. एवढं करून भागलं नाही तरच बदलायचा विचार, आणि बदललेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या. जुन्या बासची बरीच किंमत याच मूळ भागांत असते.

देण्याआधी पिकगार्ड काढून पॉटच्या पाठी, कपॅसिटर आणि सोल्डर यांचे फोटो काढा. ब्रिजची खालची बाजू आणि चारही खुंट्यांच्या पाठी विसरू नका. घरातला एखादा जुना स्क्रू असेल तर तो टाकू नका.

तिसऱ्या खेपेला, आमच्या वाड्यावरचे दोन वडीलधारे बरोबर होते म्हणून, त्याने ब्रिज वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला. बाबांचा स्क्रू त्यात सरळ आत गेला. पॉट आणि खुंट्या विकल्या गेल्याचं तो सांगतो. तक्रार लिहायला बसलो तेव्हा माझ्याकडे पॉटच्या कोडाची वही होती आणि नेक प्लेटचा एक फोटो. खुंट्यांचा एकही नव्हता.