एन्झो फेरारीची सही : १,३९,५९३ रुपयांना फरशांचा कॅटलॉग

एन्झो फेरारीच्या सहीचं जुनं पुस्तक इटलीहून मागवलं आणि फसलो. स्वस्तात मिळतंय म्हणून भुललो, असं कुणी म्हणू नये म्हणून आधीच सांगतो. स्वस्त नव्हतं. लिलावांचे जुने निकाल चाळून, घासाघीस करून १,२५० युरो ठरले होते. इतक्या वर्षांत इटालियन गाड्यांची आणि शर्यतींची पुस्तकं मी अशीच परदेशातून मागवत आलोय. घरी कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट अकराशे होती, तिच्यापासून हे वेड लागलं. मिल्ले मिल्या, तार्गा फ्लोरिओ, नुवोलारी, माझेराती असं करत कपाट भरलं. आजवर एक पार्सल कधी चुकलं नाही.

हवं होतं ते फेरारी गाड्यांचा कर्ता एन्झो फेरारी याचं आत्मचरित्र, 'ले मिए जोइए तेर्रीबिली'. बोलोन्याच्या काप्पेल्लीनं १९६२ मध्ये काढलेलं. पुढच्या वर्षी लंडनहून निघालेला इंग्रजी अनुवाद माझ्याकडे आहेच, पण मूळ ते मूळ. ग्विदिझ्झोलो गावाजवळ १९५७ च्या मिल्ले मिल्या या रस्त्यावरच्या शर्यतीत फेरारीचा चालक दे पोर्तागो, त्याचा सोबती आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक गेले. त्याबद्दलच्या खटल्यातून फेरारी १९६१ मध्ये सुटला. त्याच वर्षी मोंझाच्या शर्यतीत त्याचाच चालक फॉन ट्रिप्स याची गाडी प्रेक्षकांवर गेली, आणि वर्ष सरता सरता कीती, बिझ्झारिनी असे बिनीचे इंजिनिअर फेरारीला सोडून गेले. त्याच्या पाठोपाठ आलेलं हे पुस्तक, आणि त्यावर फाउंटन पेननं जांभळ्या शाईत केलेली त्याची सही. १,२५० युरो का मोजले ते ज्याला हे वेड आहे त्याला कळेल. इतरांना समजावत बसायची माझी इच्छा नाही.

विकणारा स्वतःला मोदेनाचा म्हणवायचा. आजोबा म्हणे स्कुदेरियाच्या, म्हणजे फेरारीच्या शर्यतसंघाच्या, मोदेनातल्या वियाले त्रेंतो ए त्रिएस्ते रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मी मुद्दाम चुकीचं विचारलं, "म्हणजे १९३८ मध्ये ते मारानेल्लोलाच असणार?" त्यानं लगेच दुरुस्त केलं, की कारखाना मारानेल्लोला गेला तो १९४३ मध्ये. आता सांगा, मी काय आंधळेपणानं पैसे पाठवले?

फोटो पाच होते. सहीचा फोटो मी मोठा करकरून पाहिला. शाई कागदात किंचित फुटलेली, रेघांचा दाब कमीजास्त, म्हणजे छापील सही नव्हे. (होतीच ती अस्सल. फक्त दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकावरची, कुठल्याशा लिलावाच्या फोटोतून उचललेली.) आणि मलपृष्ठाचा फोटो? त्यात पुस्तक हातात धरलेलं होतं, अंगठा बरोबर खालच्या कोपऱ्यावर. अंगठ्याच्या कडेला चारदोन बारीक काळ्या उभ्या रेघा दिसत होत्या. बारकोड! १९६२ च्या पुस्तकावर! पुस्तकांना मिळणारा आयएसबीएन क्रमांकच मुळी १९७० चा, बारकोड तर त्याच्याही नंतरचे. हे मला माहीत नव्हतं का? दुसऱ्या कुणी तो फोटो दाखवला असता तर मीच त्याला हसलो असतो. त्या रेघा मला दिसल्याही होत्या. मनात म्हटलं, कुठल्यातरी दुकानाचं लेबल असेल. "मिलानचा एक जण संध्याकाळपर्यंत पैसे भरतोय" असा निरोप तासाभरापूर्वीच आलेला. अशा वेळी माणूस सही बघतो, अंगठा नाही. आजही तो फोटो उघडला की कानशिलं तापतात.

इटालियन पुस्तक घेत असाल तर शेवटच्या पानाचा फोटो मागा. 'फिनितो दि स्ताम्पारे' म्हणून तिथे छपाईचा महिना, वर्ष आणि बहुधा छापखानाही असतो. मी मागितला होता, तो म्हणाला उद्या पाठवतो. उद्या आला नाही की व्यवहार तिथेच सोडायचा.

पाठवणीचे ६५ धरून १,३१५ युरो. दर ९१ रुपये ४० पैसे, म्हणजे १,२०,१९१ रुपये. वर बँकेचे १,१८०. आठवड्यानं सांस्कृतिक खात्याचा निर्यात परवाना निघाला, त्याचे १८० युरो. इटलीत जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेताना कागद लागतात हे खरंच आहे, म्हणून पटलं. पुन्हा १६,४५२ आणि पुन्हा ते १,१८०. या वेळी खातंही बदललेलं होतं. आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं देशाची असतात. पहिला 'आयटी'नं सुरू होत होता, दुसरा 'एलटी'नं. मोदेनाच्या माणसाचं खातं लिथुआनियात कशाला असेल? बँकेतल्या बाईंनी पैसे पाठवण्याचं कारण तीनतीनदा विचारलं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पार्सल आलं. वजन अगदी पुस्तकाएवढं. आत सास्सुओलोच्या बाजूच्या कुठल्याशा कंपनीचा बाथरूमच्या फरशांचा कॅटलॉग. मारानेल्लोच्या शेजारचा तो सगळा पट्टा फरशांसाठीच प्रसिद्ध आहे, म्हणजे निदान गावाबद्दल तरी तो खोटं बोलला नव्हता! हा कॅटलॉग पाठवण्यातच खरी हुशारी आहे. पार्सल पोहोचल्याची नोंद झाली की तुमची तक्रार अर्धी मेली.

पोलीस ठाण्यात तेच झालं. "काका, पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली?" दुसरे साहेब म्हणाले, "सव्वा लाखाचं पुस्तक? सोन्याचं होतं का?" सगळे हसले. मग सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, आरोपी परदेशात, आधी बँकेचं पत्र आणा. बँक म्हणाली, आधी पोलिसांचं पत्र आणा. शेवटी बँकेनं पैसे परत मागवण्याचा अर्ज घेतला, त्याचे ५९० रुपये लावले, आणि मग सांगितलं की ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याची संमती लागेल. चोराची संमती! तीही माझ्या खर्चानं. त्याची संमती अर्थातच आली नाही.

इटलीत साध्या फसवणुकीची फिर्याद गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत द्यावी लागते. हे मला एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही. तिथे राहणाऱ्या भाचीनं सांगितलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. तीन महिने मी पुण्यात एका पत्रासाठी दुसरं पत्र आणत होतो. तक्रारीची स्थिती अजूनही 'प्रक्रियेत' अशीच दिसते.

मित्र म्हणतात कार्डानं द्यायचे होते. मान्य, कार्डाला निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. पण जुन्या पुस्तकांचे निम्मे विक्रेते कार्ड घेतच नाहीत हे या मित्रांना कोण सांगणार? मग निदान व्हिडिओ मागा, आजचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून पानं उलटताना. नाही म्हणाला तर विषय संपला. आणि पार्सल फोडताना स्वतःचाही व्हिडिओ काढा, पोस्टमन दारात असतानाच.

तोच गृहस्थ आता नव्या नावानं फेरारी कंपनीनं काढलेलं १९५१ चं वार्षिक विकतोय, ९०० युरोला. या वार्षिकांच्या नव्यानं छापलेल्या प्रतीही बाजारात फिरतात, त्यामुळे त्याला तर रानच मोकळं आहे. आजोबांची गोष्ट शब्दाला शब्द तीच. कुणी पैसे पाठवले असतील तर पार्सलची वाट बघू नका. आत्ताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, बँकेत लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. शिक्का मारायला ते टाळाटाळ करतील. मारेपर्यंत खुर्चीतून उठू नका.