व्हर्मियर खरा की खोटा: जाणकाराची नजर की प्रयोगशाळा?

१९३७ साली अब्राहम ब्रेडियस या नामवंत डच कलातज्ज्ञाने ‘एमाउस येथील भोजन’ हे चित्र सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मियर याचंच असल्याचा निर्वाळा दिला आणि ते रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात लागलं. प्रत्यक्षात ते काढलं होतं हान व्हान मेगेरेन या विसाव्या शतकातल्या नकली चित्रं करणाऱ्या चित्रकाराने. व्हर्मियरची धार्मिक चित्रं आणखी असणार, अशी तज्ज्ञांची अटकळ होती. मेगेरेनने नेमकं तेच पुढ्यात ठेवलं. नजर कितीही मुरलेली असो, जे हवं असतं ते तिला लवकर दिसतं.

प्रयोगशाळेला अशी आस नसते. १९४५ मध्ये मेगेरेनने कबुली दिल्यावर तपासात रंगात बेकेलाइटच्या (एका कृत्रिम प्लास्टिकच्या) जातीची राळ सापडली. ती विसाव्या शतकातली. ही राळ मिसळून चित्र भट्टीत तापवलं की ताजा रंग शतकं लोटल्यासारखा टणक होतो, अल्कोहोलच्या बोळ्यानेही सुटत नाही. पुढे शिसं-२१०ची, म्हणजे रंगातल्या शिशाच्या किरणोत्सारी प्रकाराची, चाचणी आली. हे शिसं साधारण २२ वर्षांत निम्मं होतं, म्हणून जुन्या रंगात ते घटत रेडियम या दुसऱ्या किरणोत्सारी धातूच्या पातळीला येतं. रंगातल्या रेडियमच्या मानाने ते फार जास्त भरलं, तर रंग नवा.

म्हणून पैसे मोजण्याआधी मी प्रयोगशाळेलाच विचारेन. मात्र ती नकार ठामपणे देते, होकार नाही. वॉशिंग्टनच्या ‘बासरीवाली मुलगी’ या चित्रात सावल्यांमधला ‘हिरवी माती’ हा रंगसुद्धा व्हर्मियरच्या पद्धतीचा आहे. तरी रंग लावणारा हात ओबडधोबड वाटल्याने २०२२ मध्ये तिथल्या नॅशनल गॅलरीने ते त्याचं नसल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने ते व्हर्मियरचं म्हणूनच मांडलं.